पद्मिनीचं टायमिंग: आधी पॉइंटचा गॅप, मग डेल्कोला हात

कळव्याहून एका तरुणाने विचारलं आहे. आजोबांची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, ती त्याने यंदा स्वतः चालू केली. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टिकल्यांची जोडी, जळलेले होते म्हणून नवे टाकले. टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी नेमकी कधी पडावी ते, कसं लावायचं हे शिकवायला कुणी नव्हतं. तेव्हा त्याने इंजिन चालू ठेवून डेल्को (डिस्ट्रिब्युटर, प्लगांना क्रमाने करंट वाटणारा भाग) हळूहळू फिरवला आणि जिथे इंजिन सगळ्यात जोरात, गुळगुळीत चाललं तिथे नट आवळला. आता गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, छान उभी राहते. पण घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ चढताना इंजिनातून कढईत चणे भाजल्यासारखा आवाज येतो, आणि गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू करायला गेलं की सेल्फ अडखळतो, मध्येच उलटा धक्का मारतो. 'काका, टायमिंगच चुकलंय का? आणि हे माझ्यासारख्या नवख्याला जमेल का?'

चुकलंय. आणि नक्की जमेल. पण टायमिंग नीट लागेपर्यंत ही गाडी चढावर नेऊ नकोस, आणि सपाट रस्त्यावरही फार दामटू नकोस. चण्यांचा तो आवाज वाटतो तितका किरकोळ नाही. दर वेळी पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसते आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. वागळे इस्टेटमध्ये मी पस्तीस वर्षं जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करतो आहे. शिकाऊ असताना मीही तुझ्यासारखंच, कानाला गोड लागेल तिथे डेल्को आवळून एक गाडी दिली होती. गिऱ्हाईक कुटुंबासह नाशिकला निघालं. कसारा घाटात गाडीने आवाज केला, त्यांनी तशीच रेटली, आणि वर पोचेपर्यंत एका पिस्टनला भोक पडलं होतं. इंजिन उघडल्यावर उस्तादांनी तो पिस्टन माझ्या हातात दिला आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवसापासून फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावल्याशिवाय मी डेल्कोच्या नटाला पाना लावलेला नाही.

आता तुझी युक्ती का फसली ते बघू, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

प्लगवर करंट, म्हणजे ठिणगी, पडला की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात फुटत नाही. ते पेटतं आणि ज्योत प्लगपासून पुढे सरकत जाते. त्याला थोडा वेळ लागतो, एक-दोन हजारांश सेकंदांच्या हिशेबातला. दाब सगळ्यात जास्त केव्हा हवा? पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली वळल्यानंतर, क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, साधारण १० ते १५ अंश पुढे गेलेला असताना. तेव्हा तो दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि गाडी ओढते. म्हणून करंट पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडावा लागतो. किती आधी, याचंच नाव टायमिंग.

आता आकडे बघ. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असताना एका हजारांश सेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढेल तसा करंट आणखी आधी पडायला हवा. हे काम डेल्कोच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅम, म्हणजे पॉइंट उघडणारा उंचवट्यांचा भाग, पुढे सरकवतात. म्हणजे तू डेल्को फिरवून लावतोस ते फक्त मूळ टायमिंग. त्याच्यावर वजनं आपली भर घालणारच असतात.

स्लोला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्ब्युरेटरची झडप, जवळजवळ बंद असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं, विरळ, त्यात जुना धूरही मिसळलेला. ते हळू जळतं, म्हणून करंट खूप आधी पाडला तरी इंजिन तक्रार करत नाही, उलट खुशीत जोराने फिरतं. तू नेमकं तिथे नट आवळलास. मग गायमुखला थ्रॉटल उघडला, सिलिंडर भरून मिश्रण आलं, ते भराभर जळलं, वरून वजनांची भर पडली, आणि पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब त्याच्यावर येऊन आदळला. उरलेलं मिश्रण त्या दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटतं, तोच चण्यांचा आवाज. गरम सेल्फचंही कारण हेच. सेल्फ इंजिन सावकाश फिरवतो, करंट फार लवकर पडतो, आणि वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जातो. तुझ्या दोन्ही तक्रारी एकाच चुकीच्या आहेत. टायमिंग फार आधी गेलंय.

पण म्हणून लगेच डेल्को मागे फिरवायला जाऊ नकोस. नवखे लोक इथेच अडकतात. आज फिरवतात, परवा पॉइंट साफ करतात, टायमिंग पुन्हा बदलतं आणि त्यांना वाटतं गाडीच लहरी आहे. पॉइंट बंद असेपर्यंत कॉइल, म्हणजे ठिणगीचा जोर तयार करणारी गुंडाळी, भरत असते, आणि पॉइंट उघडतो त्या क्षणी प्लगवर करंट पडतो. गॅप जास्त ठेवला तर कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरला, म्हणजे कॅमवर घासणाऱ्या ठोकळ्याला, लवकर गाठतो, पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे जातं. गॅप कमी ठेवला तर उशिरा उघडतो, टायमिंग मागे पडतं. म्हणजे गॅप हलला की टायमिंग हललंच, डेल्कोला कुणी बोटही लावलेलं नसताना. तू नवे पॉइंट अंदाजाने बसवलेस, तेव्हा गॅप मोठा राहिला असण्याची शक्यता भरपूर आहे. क्रम कायमचा लक्षात ठेव. आधी पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटरचा स्लो सगळ्यात शेवटी.

डेल्को हा शब्द आपल्या गॅरेजांमध्ये इतका मुरलाय की डिस्ट्रिब्युटर म्हटलं तर जुने मिस्त्री क्षणभर थांबतात. ते मुळात अमेरिकेतल्या एका कंपनीच्या नावाचं लघुरूप आहे: डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. चार्ल्स केटरिंग यांनी एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर ती १९०९ मध्ये काढली, आणि बॅटरी, कॉइल, पॉइंटवर चालणारी त्यांची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांना बसली. तुझ्या पद्मिनीचा वंश वेगळा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि तीच गाडी पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. वंश इटलीचा असला तरी डेल्कोच्या टोपीखाली बसलेली रचना केटरिंग यांचीच आहे. म्हणून हे एकदा शिकलास की अँबॅसेडर, जीप, जुनी मारुती ८००, कशालाही हात घालता येईल.

सामान फार लागत नाही. फिलर गेज, पाने, चपट्या तोंडाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर, १२ व्होल्टचा एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. टायमिंग लाइट नंतर घेतलास तरी चालेल. शिवाय गाडीचं पुस्तक. मूळ टायमिंग किती अंश आणि पुलीवरची कुठली खूण त्यासाठी, हे त्यातच बघायचं, कारण एकसारख्या दिसणाऱ्या डेल्कोंची आतली वजनं नि स्प्रिंग वेगळ्या असतात. या पिढीच्या गाड्यांना साधारण ५ ते १२ अंशांच्या दरम्यानचा आकडा असतो. कुणी तोंडी २० सांगितला तर विश्वास ठेवू नकोस.

इंजिन थंड असताना सुरुवात कर. चारही प्लग काढ, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. काढण्याआधी वायरींना कागदी पट्टी लावून १, २, ३, ४ लिही. एक नंबर म्हणजे रेडिएटरच्या बाजूचा. पद्मिनीचा करंटचा क्रम १-३-४-२. हे आत्ता लिहून ठेवलंस तर नंतरचा तासभराचा मनस्ताप वाचेल.

डेल्कोची टोपी काढलीस की पहिल्यांदा आतला फिरता भाग, रोटर, दोन बोटांत धरून पिळून बघ. तो एकाच दिशेला थोडासा पिळला जाईल आणि सोडल्यावर झटकन परत येईल. ज्या दिशेला पिळला जातो तीच त्याच्या फिरण्याची दिशा. कागदावर बाण काढून ठेव, पुढे लागणार आहे. आणि परत आलाच नाही, किंवा आळसावल्यासारखा हळूहळू आला, तर वजनं गंजून अडकली आहेत. तुझी गाडी खाडीच्या काठी, कळव्याच्या दमट हवेत चार वर्षं उभी होती, म्हणून हे खास करून सांगतो. वजनं बाहेर फेकलेल्या अवस्थेत अडकली असतील तर मूळ टायमिंग कितीही अचूक लाव, त्याचा उपयोग नाही. पॉइंटची प्लेट काढून वजनं रॉकेलने धू, पुसून बारीक तेलाचा थेंब दे, मोकळी झाल्याची खात्री कर आणि मगच पुढे जा.

मग रोटरखालचा दांडा आडवा हलवून बघ. खडखड हलत असेल तर बुश, म्हणजे दांड्याला आधार देणारी नळी, झिजलाय. असा डेल्को प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या वेळी करंट देतो आणि कितीही मन लावून काम केलं तरी इंजिन एकसारखं चालत नाही. तो आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल. नवख्याने स्वतःला दोष देत बसू नये म्हणून हे सांगतो आहे.

आता गॅप. किल्ली बंद. इंजिन हाताने फिरव, पुलीच्या नटाला पाना लावून किंवा गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे ढकलत, पॉइंटचं फायबर कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर टोकावर येईपर्यंत. तिथे पॉइंट जास्तीत जास्त उघडा असतो. पद्मिनीला मी ०.४५ मि.मी. धरतो. त्या जाडीची पट्टी दोन टिकल्यांमध्ये सरकव. ती हलकीशी घासत जावी. ढिली पडायला नको आणि पॉइंट ढकलला जायलाही नको. स्क्रू आवळताना गॅप थोडा हलतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा माप. नंतर इंजिन फिरवून बाकीच्या तीन उंचवट्यांवरही माप. चारही ठिकाणी जवळपास सारखं आलं पाहिजे.

पट्टी घालण्याआधी ती पुसून घे. नव्या फिलर गेजला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते तेल टिकल्यांवर गेलं की पॉइंट काळे पडून जळतात आणि माणूस पॉइंटचं जळणं रोखणाऱ्या कंडेन्सरला शिव्या देतो. काम झाल्यावर टिकल्यांमधून एक कोरा, स्वच्छ कागद ओढून काढ. कॅमला हाय मेल्टिंग ग्रीसचा अगदी पुसट हात, मोहरीएवढं ग्रीस पुरे. स्क्रू सोडताना खाली फडकं पसर. स्क्रू डेल्कोच्या पोटात पडला तर तो सापडेपर्यंत इंजिन फिरवू नकोस. 'गेला असेल कुठेतरी' म्हणून सेल्फ मारलेले डेल्को मी फुटलेले पाहिले आहेत.

गॅप झाला. आता एक नंबरचा पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणायचा. पुलीवरची खूण दोनदा जुळते, एकदा दाबाच्या फेरीत आणि एकदा धूर बाहेर टाकताना, कारण डेल्कोची एक फेरी होते तेव्हा क्रँकच्या दोन होतात. कुठली ते ओळखायला एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव आणि मदतनिसाला इंजिन फिरवायला सांग. अंगठा फुस्सकन उडवला गेला की दाबाची फेरी. त्या वेळी रोटरचं टोक टोपीतल्या एक नंबरच्या वायरीकडे बघत असतं. इथे चूक झाली तर करंट पूर्ण एक फेरी चुकतो, आणि गाडी चालू व्हायच्या ऐवजी कार्ब्युरेटरमधून ठो करून उलटा भडका मारते. एअर क्लिनर काढून वर तोंड नेऊन बघत असशील तर भुवया जातील.

खुणा गंजाखाली दिसत नसतील तर तारेच्या ब्रशने साफ कर, खडूने किंवा पांढऱ्या रंगाने उजळव. वरच्या टोकाची खूण सापडली आणि अंशांची पुसली गेली असेल तर शिंप्याच्या टेपने पुलीचा परिघ मोज. परिघाला ३६० ने भागून जितके अंश हवेत तितक्याने गुणायचं. परिघ ४४० मि.मी. भरला तर १० अंश म्हणजे साधारण १२ मि.मी. इंजिनच्या फिरण्याच्या दिशेने बघितलं तर ही नवी खूण इंजिनावरच्या स्थिर काट्यापाशी वरच्या टोकाच्या खुणेआधी पोचली पाहिजे. उलट्या बाजूला केलीस तर टायमिंग तेवढंच मागे जाईल, म्हणून आवळण्याआधी दोनदा तपास.

आता बल्ब. एक वायर कॉइलमधून डेल्कोकडे येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. किल्ली चालू कर. पॉइंट बंद असताना करंट पॉइंटमधूनच जमिनीला जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडला की करंटला बल्बखेरीज वाट उरत नाही, बल्ब पेटतो. म्हणजे बल्ब पेटण्याचा क्षण तोच प्लगवर करंट पडण्याचा क्षण. इंजिन बंद असताना हा क्षण डोळ्यांना दिसतो, यापेक्षा चांगला शिक्षक मला माहीत नाही. शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी बल्बवर बसवतो, टायमिंग लाइट कपाटातच ठेवतो.

इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवत खूण काट्यासमोर आण. पुढे गेलास तर तिथूनच मागे घेऊ नकोस. चेन आणि गिअरमध्ये खेळ असतो, मागे घेतलं की तो खेळ मोजमापात शिरतो. पाव फेरी मागे जा आणि पुन्हा पुढे येत खुणेवर थांब. मग डेल्कोच्या बुडाशी असलेला नट इतकाच सैल कर की डेल्को हाताने थोड्या जोराने फिरेल. आधी डेल्को रोटरच्या बाणाच्या दिशेला थोडा फिरव, बल्ब विझेल. आता बाणाच्या उलट्या दिशेला केसाकेसाने फिरव. बल्ब पेटला, तिथेच थांब. आवळ. आणि खात्रीसाठी इंजिन दोन फेऱ्या फिरवून पुन्हा बघ, खुणेवर बल्ब पेटतो का. पहिल्या वेळी बहुतेक नाही पेटत, कारण आवळताना डेल्को सरकतो. चार वेळा करावं लागलं तरी कर. डेल्को १ अंश सरकला की क्रँकच्या हिशेबाने २ अंश होतात, म्हणून हात हलका पाहिजे.

हे करताना किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नकोस. पॉइंट बंद असताना कॉइल तापत राहते आणि खराब होते.

प्लग बसव, वायरी क्रमाने लाव, इंजिन चालू कर. इथवरचं काम नीट झालं असेल तर गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठेल. इंजिन गरम होऊ दे, आणि टायमिंग लाइट उसना मिळाला तर आता वापर. चिमटा एक नंबरच्या वायरीवर. डेल्कोला व्हॅक्यूमचा डबा (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग पुढे नेणारा) असेल तर त्याची नळी काढून तोंड बंद कर. स्लो पुस्तकाप्रमाणे, ८०० च्या आसपास. लाइटमध्ये खूण काट्यासमोर स्थिर दिसली पाहिजे. नाचत असेल तर पुन्हा त्या झिजलेल्या बुशकडे बघ. मग हळूहळू रेस दे. खूण सरळ रेषेत पुढे सरकत गेली पाहिजे आणि रेस सोडल्यावर परत आली पाहिजे. सरकलीच नाही किंवा मध्येच उडी मारली तर वजनं अजून मोकळी नाहीत.

टायमिंग लाइटबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. त्या लुकलुकत्या उजेडात पंखा थांबलेला दिसतो. तो थांबलेला नसतो. पद्मिनीचा पंखा बेल्टवर चालतो, इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. बाह्या वर, गळ्यातली साखळी काढलेली, गळ्याला मफलर-टॉवेल काही नको, लाइटची वायर पंख्यापासून लांब. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या मेकॅनिकचं बोट असंच गेलं. आणि सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नकोस. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी ढकलून उघड्यावर आण.

शेवटचा निकाल रस्त्यावर लागतो. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर काही कळणार नाही, चढच पाहिजे. गायमुखला ट्रकांच्या रांगेत परीक्षा घेऊ नकोस, रविवारी पहाटे जा. किंवा उपवनवरून येऊरच्या चढाला दिवसा जा, तिथे जंगल आहे, हॉर्न न वाजवता. गाडी पूर्ण गरम, काचा खाली. तिसऱ्या गिअरमध्ये ३०-३५ च्या वेगाने चढाला लाग आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून तेव्हा आवाज आला तर व्हॅक्यूमच्या डब्यावर खापर फोडायचं नाही. मूळ टायमिंग आणि वजनं, हे दोघेच जबाबदार.

काही जुने उस्ताद सांगतात, चढावर क्षणभर टिकटिक होऊन विरली की टायमिंग बरोबर. नव्या इंजिनाच्या काळात ते ठीक होतं. तुझं इंजिन किती झिजलंय, पिस्टनवर किती कार्बन बसलाय, कुणालाच माहीत नाही. माझं मत स्पष्ट आहे, आवाज अजिबात नको. आला तर डेल्को बाणाच्या दिशेला फक्त एक-दोन मि.मी. फिरव आणि पुन्हा चढ चढ. उलट गाडी गप्प आहे पण ओढत नाही, जास्त गरम होते, सायलेन्सर तापतो, तर टायमिंग मागे पडलंय. तेव्हा तसंच थोडं बाणाच्या उलट्या दिशेला.

आजच्या पेट्रोलचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. त्याने ऑक्टेन, म्हणजे चण्यांचा आवाज न करता जळण्याची ताकद, वाढतो, त्यामुळे नुसत्या टायमिंगच्या हिशेबाने जुन्या गाडीला ते जाचत नाही. त्रास दुसरीकडे होतो. पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, पहिल्या हिशेबाचे, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने खराब होतात. चार वर्षं उभ्या गाडीच्या त्या नळ्या टायमिंगच्या आधी बदल. पेट्रोल गळतंय आणि शेजारी पॉइंटवर ठिणगी पडतेय, अशी गाडी मी चालू करू देत नाही. टायमिंग मात्र पुस्तकाच्या आकड्यावरच ठेव, जास्त ऑक्टेन आहे म्हणून वाढवत बसू नकोस.

तू स्वतः शिकतोयस याचा मला मनापासून आनंद आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी कायमच्या गेल्या. त्या होत्या तोवर नाक्यानाक्यावर पॉइंट घासून देणारा, बल्बवर टायमिंग लावणारा माणूस होता. आता तो माणूस दुसऱ्या धंद्याला लागलाय किंवा गावी गेलाय. घरोघरी उरलेल्या गाड्यांना आता त्यांचे मालकच सांभाळणार.

आणखी एक काम उरतं आणि ते सगळे विसरतात. नव्या पॉइंटचं फायबर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये भरभर घासून बसतं. घासलं की गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग मागे पडतं, हे तुला आता माहीत आहे. म्हणून ५०० किलोमीटरला टोपी उघड, गॅप माप, ०.४५ वर आण, बल्ब लावून टायमिंग पुन्हा बघ. त्यानंतर दर ५००० ला, आणि पावसाळा सुरू होण्याआधी एकदा, तेव्हा टोपीच्या आतून बारीक काळी रेघ उमटली आहे का तेही बघ. रेघ म्हणजे तडा, त्यातून करंट पळतो आणि पहिल्या मोठ्या पावसात गाडी कळवा पुलावर मिसिंग करत थांबते. डिकीत एक वही ठेव. तारीख, किलोमीटर, सापडलेला गॅप, लावलेला गॅप, चढावर आवाज आला की नाही. आजोबांच्या गाडीत सहसा अशी एखादी जुनी वही असतेच. डॅशबोर्डच्या खणात बघ. ती सापडली तर पहिलं पान तुला लिहावं लागणार नाही.